निधनवार्तांच्या शेजारी

मसुदा पहिला. सोमवार.

खुलासा : पाच वर्षांपूर्वी, २०३१च्या नगराध्यक्षपदाच्या निवडणुकीत, ‘दैनिक पाणवठा’ने उमेदवार श्रीमती मालन गवंडी यांच्या सव्वीसपैकी तेवीस बातम्या पान पाचवर, निधनवार्तांच्या शेजारी छापल्या. त्याचा मतदारांच्या मनावर नकळत परिणाम झाला. श्रीमती गवंडी दोनशे अकरा मतांनी पडल्या. असे झाले नसते, तर त्या निवडून आल्या असत्या. आम्ही त्यांची व सोनशेतच्या मतदारांची क्षमा मागतो.

कल : मालन गवंडी यांच्या बाजूने ४.१ टक्के. छापण्यास अयोग्य.

*

यात एक अक्षर खोटं नव्हतं, तरी यंत्रानं ते परत केलं. शैलजा उंब्रजकरांनी एकतीस वर्षांत दुसऱ्यांचे शेकडो मजकूर परत केले होते. स्वतःचा परत येण्याची ही पहिलीच वेळ.

शैलजाबाई ‘पाणवठा’च्या मुख्य उपसंपादक. सोनशेतमध्ये घरोघरी दोन गोष्टी पोचत, एक दिवसाआड नळाचं पाणी आणि रोज ‘पाणवठा’. बाईंची ख्याती होती ती त्यांच्या स्टीलच्या पट्टीसाठी. निवडणूक लागली की पट्टी ड्रॉवरमधून टेबलावर यायची. उत्तमराव थोरबोलेंना बावीस सेंटिमीटर, तर मालन गवंडींनाही बावीस. एकाची सभा ‘जोरदार’ नाही, दुसरीची ‘दणदणीत’ नाही. दोन्हीकडचे कार्यकर्ते शिव्या द्यायला लागले की बाई समजायच्या, माप बरोबर आहे.

त्यात मालन ही त्यांची मैत्रीण. कन्याशाळेत पाचवीपासून एका बाकावरची. म्हणून त्या निवडणुकीत बाई मालनची बातमी दोनदा मोजायच्या. चुकून अर्धा सेंटिमीटर जास्त जायला नको.

*

सोमवारी सकाळी कोल्हापूरहून डॉ. मुजावर आले. सोबत यंत्र, मिठाईच्या खोक्याएवढं. यंदापासून नियम आला होता, की अर्ज भरण्यापासून निकालापर्यंत प्रत्येक वर्तमानपत्राचा रोजचा अंक आधी कलमापकातून काढायचा. कुणाही उमेदवाराकडे अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त कल दिसला, तर मांडणी बदलायची. आधी गावची एखादी जुनी निवडणूक दाखवून यंत्राची नजर बसवावी लागायची. मुजावरांनी २०३१चे अंक घातले.

चहा निवायच्या आत त्यांनी मान वर केली.

“बाई, ही मालन गवंडी कोण?”

“का?”

“मेलेल्यांत का बसवलंय तिला?”

शैलजाबाईंना आधी कळलंच नाही. मुजावरांनी पडदा त्यांच्याकडे वळवला. पान पाच. डावीकडे चौकटीला लागून चौकटी, प्रत्येकीत एक चेहरा, खाली रक्षाविसर्जनाची वेळ. उजवीकडे त्याच आकाराच्या चौकटीत मालनचा फोटो, खाली तिच्या सभेची बातमी. पुढचा दिवस, तेच. त्याच्या पुढचा, तेच.

“ते पान उशिरा सुटायचं,” बाई म्हणाल्या. “पान तीन साडेचारला बंद. पान पाच आठपर्यंत उघडं, कारण कुणी संध्याकाळी गेलं तर घरच्यांना सकाळच्या अंकात वेळ यायला हवी असते. मालन दिवसभर तिच्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये. तिच्या सभा सहानंतर. उशिरा आलेलं पान पाचवर जायचं. आणि अहो, ते तर सगळ्यांत जास्त वाचलं जाणारं पान. लोक आधी तेच उघडतात. मला उलट वाटायचं, की मालनला झुकतं माप जातंय.”

“वाचलं जातं म्हणूनच,” मुजावर म्हणाले.

कलमापकाचं तत्त्व समजायला अवघड नाही. राज्यातल्या अकरा हजार माणसांनी दोन वर्षं, आपण होऊन, वाचताना एक खास चष्मा लावला होता. डोळा आधी कुठं जातो, कुठं थबकतो, कशापाशी नाडी जरा बदलते, हे चष्म्यानं टिपलं. त्यावरून यंत्रात तीन हजार नकली वाचक तयार झाले. गाव सांगितलं की ते त्या गावासारखे वागतात. त्यांना अंक वाचायला द्यायचा आणि विचारायचं, मत कुणाला? मग दोन बातम्यांच्या जागा बदलायच्या, बाकी सगळं तसंच ठेवायचं आणि पुन्हा विचारायचं. दोन उत्तरांतला फरक म्हणजे कल. लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं, याच्याशी यंत्राला कर्तव्य नाही. तराजूला पारडं कळतं, दुकानदाराची नियत कळत नाही.

आणि चष्म्यानं एक गोष्ट पक्की दाखवली होती. एका मजकुरानं उठलेली भावना वाचणाऱ्याच्या अंगात दहा-अकरा सेकंद रेंगाळते. तेवढ्यात जे नाव समोर येईल, त्याला ती चिकटते. भिंत शेजाऱ्याची, ओल आपल्या घरात. तेवीस सकाळी सोनशेतनं कुणीतरी गेल्याचं वाचलं, चुकचुकलं आणि मालनच्या फोटोकडे बघितलं. हिचं आता काही खरं नाही असं कुणीही म्हटलं नाही. फक्त वाटलं.

“किती?” बाईंनी विचारलं.

“एक पूर्णांक तीन टक्के. म्हणजे तीनशे ऐंशी मतं. साठ इकडंतिकडं धरा.”

पट्टी टेबलावरच होती. बाईंनी ती उचलून ड्रॉवरमध्ये टाकली.

*

मसुदा दुसरा. मंगळवार.

खुलासा : २०३१च्या निवडणुकीत पान पाचवरील मांडणीमुळे उमेदवार श्रीमती मालन गवंडी यांचे नकळत नुकसान झाले असावे. आम्ही दिलगीर आहोत.

कल : मालन गवंडी यांच्या बाजूने २.६ टक्के. छापण्यास अयोग्य.

*

“पण ती कुठं उभी आहे?” बाई वैतागल्या. “थोरबोले उभे आहेत, बाकी दोघं आहेत. मालन नाही म्हणालीय.”

“उभी राहा म्हणून मंडईतल्या बायका तिच्या दारात गेल्या, ही बातमी तुम्हीच छापलीत ना?” मुजावर म्हणाले. “म्हणून यंत्र तिला संभाव्य धरतंय. शुक्रवारी तीनला अर्ज बंद. तिनं भरला नाही, तर पहिला मसुदासुद्धा छापा, यंत्र चूं करणार नाही. भरला, तर मात्र ही सहानुभूती. थोरबोलेंवर अन्याय.”

“म्हणजे खरं छापायचं तर तिनं उभं राहायचं नाही. आणि ती उभी राहिली तर खरं छापायचं नाही.”

“निकाल लागेपर्यंत नाही.”

“तुमच्या यंत्राला पाठवणारा भला माणूस दिसतो.”

“नियम मी केला नाही, बाई. मी फक्त खोका आणला.”

*

बुधवारी दुपारी शैलजाबाई मालनच्या लॅबमध्ये गेल्या. पाच वर्षांत त्या तिथं तीनदा गेल्या असतील, तीही साखर तपासायला. निकालानंतर मालननं भांडण केलं नव्हतं. ती फक्त घरातून निघेनाशी झाली होती. हळदीकुंकू नाही, बचत गट नाही, ग्रंथालयाची सभा नाही. लॅब आणि घर, मधे एक दार.

आत एक म्हातारे गृहस्थ बाही वर करून बसले होते.

“मामा, मूठ आवळा,” मालन म्हणत होती.

“किती काढतीस गं? आम्ही पाडलं म्हणून सूड उगवतीस काय?”

“सूड घ्यायचा असता तर सुई मोठी घेतली असती.”

म्हातारा खूश होऊन हसला. मालनही हसली. तो कापूस दाबून धरत बाहेर पडला तसं तिचं हसू गेलं. नळीवर नाव लिहिता लिहिता ती म्हणाली, “हा असंल त्यातला. नाहीतर कशाला आठवण काढंल?”

“त्यातला म्हणजे?”

“दोनशे अकरातला.” ती वर बघत नव्हती. “येतो तो माणूस मी तसाच बघते शैले, पाच वर्षं. ह्यानं दिलं असंल का नसंल. दूधवाला, माझी जाऊ, समोरचा वाणी. पहिलं वर्ष तर मी वाण्याकडं जातच नव्हते. गावानं एवढं जवळ येऊन नको म्हणायचं, म्हणजे माझ्यात काहीतरी बघितलं असणार त्यांनी. काय बघितलं, तेवढं कळंना.”

शैलजाबाईंनी सांगितलं. पान पाच, चौकटी, अकरा सेकंद, तीनशे ऐंशी. मालननं मधे एकदाही तोडलं नाही. सगळं झाल्यावर तिनं नळ्यांचा ट्रे फ्रिजमध्ये ठेवला, दार लावलं आणि दारावर हात तसाच ठेवून उभी राहिली.

“साडेचारच्या आधी दिलं असतं, तर पान तीन मिळालं असतं?”

“हो.”

“सभा सहाची. पण आदल्या दिवशीची बातमी सकाळी लिहून दिली असती तरी चाललं असतं?”

“चाललं असतं.”

“थोरबोलेंच्या माणसाला हे कुणी सांगितलं?”

शैलजाबाई म्हणाल्या, “मी. त्यानं फोन करून विचारलं, किती वाजेपर्यंत दिलेलं बरं. जो विचारेल त्याला आपण सांगतोच.”

“आणि मला?”

“तू विचारलं नाहीस.”

“मी विचारलं नाही, कारण लोक म्हणाले असते, उंब्रजकरबाईंच्या वशिल्यानं छापून येतंय. तुला खाली बघायला लागू नये म्हणून नाही विचारलं.” मालनचा आवाज चढला नव्हता. “तू का नाही सांगितलंस?”

“तू मैत्रीण होतीस म्हणून.”

मालननं फ्रिजच्या दारावरचा हात काढून घेतला.

“परकी असते,” मालन म्हणाली, “तर निवडून आले असते म्हण की.”

*

मसुदा तिसरा. गुरुवार, सकाळ.

खुलासा : २०३१ सालच्या निवडणूक काळात ‘पाणवठा’च्या पान पाचवरील मांडणीत त्रुटी राहिल्या. त्यामुळे कुणा उमेदवाराचे नुकसान झाले असल्यास दिलगीर आहोत.

कल : मालन गवंडी यांच्या बाजूने ०.९ टक्के. छापण्यास अयोग्य.

मसुदा चौथा. गुरुवार, दुपार.

‘पाणवठा’च्या काही जुन्या अंकांच्या मांडणीत त्रुटी होत्या. कळावे.

कल : ०.१ टक्का. छापण्यास योग्य.

*

मालन गुरुवारी दुपारी ‘पाणवठा’त आली. पाच वर्षांत पहिल्यांदा. जिना चढून आल्यानं धाप लागली होती. मुजावरांनी खुर्ची दिली.

तिनं चारही मसुदे ओळीनं वाचले. चौथ्यापाशी थांबली.

“यात मी कुठाय?”

“नाहीस,” शैलजाबाई म्हणाल्या. “म्हणून तर चालतंय. मालन, तू अर्ज भरू नकोस. परवाच्या अंकात पहिला मसुदा जाईल, पहिल्या पानावर, माझ्या नावानं. गावाला कळेल. वाण्याला, तुझ्या जावेला, सगळ्यांना. तुला कुणाकडं तसं बघावं लागणार नाही.”

“आणि मंडईचं काय?”

थोरबोलेंनी निवडून आल्यावर पहिल्या सहा महिन्यांत भाजी मंडई गावातून उचलून बायपासच्या पलीकडे नेली होती. माणूस वाईट नव्हता. रहदारी कमी होईल असं त्यांना खरंच वाटलं होतं. रहदारी कमी झालीही. डोक्यावर पाट्या घेऊन हायवे ओलांडणाऱ्या बायकांना दुसरा पर्याय उरला नाही, एवढंच. २०३१ला मालनचा अख्खा प्रचार मंडई हलू नये या एका गोष्टीवर होता.

“भरलास तर हे दाबून ठेवावं लागेल,” शैलजाबाई म्हणाल्या.

“निकालानंतर छापता येतंय की.”

“तेव्हा काय अर्थ? जिंकलीस तर कुणाला त्याचं काही पडलेलं नसतं. हरलीस तर रडगाणं.”

मालननं कागद एकावर एक नीट ठेवले. “आता छापलं तर मला बरं वाटंल. खोटं कशाला बोलू? पण जास्त बरं तुला वाटंल, शैले. तुला मोकळं व्हायचंय.”

मुजावर उठले आणि उगीच खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

“मी भरणार आहे,” मालन म्हणाली. “काल दुपारपर्यंत मला वाटत होतं की गावाला मी नको. ते तसं नव्हतं, हे कळल्यावर घरात बसून कशी राहू? आणि तू गप्प बसायचंस. ते तुला छान जमतं.”

शुक्रवारी दोन वाजून दहा मिनिटांनी तिनं अर्ज भरला. बातमी अडीचलाच हातात आली. पान तीनवर गेली.

*

दिवस दुसरा. गवंडी यांची कोष्टी गल्लीत सभा. १८ सेंमी, पान ३. कल ०.१.

दिवस सहावा. थोरबोले यांचे विकासकामांचे सादरीकरण. १८ सेंमी, पान ३. कल ०.०.

दिवस नववा. गवंडी यांची मंडईतील महिलांशी चर्चा. कल ०.२. (यंत्राने फोटो बदलला. मूळ फोटोत पाटी घेतलेल्या बाईचा चेहरा फार थकलेला होता.)

दिवस तेरावा. कोपरा सभा. एका मतदाराने विचारले, ‘पाच वर्षे कुठे होता?’ श्रीमती गवंडी यांनी उत्तर दिले. कल ०.१.

*

ती तेराव्या दिवसाची सभा शैलजाबाईंनी स्वतः मागं उभं राहून ऐकली होती. प्रश्न विचारणारी विशीतली मुलगी होती. तिच्यात कसली खोच नव्हती, तिला खरंच माहीत नव्हतं. पाच वर्षांपूर्वी मालननं असल्या प्रश्नावर सभा हसवली असती आणि मग गप्प केली असती. आता तिनं माईक एका हातातून दुसऱ्या हातात घेतला आणि म्हणाली, “घरी होते.” मग जरा थांबून, “तब्येत बरी नव्हती.”

खरं उत्तर तिला माहीत होतं. तिला आणि मागं उभ्या असलेल्या एका बाईला. तिथं तेवढ्याच दोघी.

गाव पुढं गेलं होतं. मंडईतल्या निम्म्या बायकांनी बायपासजवळ भाड्यानं खोल्या घेतल्या होत्या. त्यांची पोरं तिकडच्या शाळेत रुळली होती. मंडई परत आणायची म्हटलं, की त्या एकमेकींकडं बघायच्या. मालनचं भाषण पाच वर्षांपूर्वीचं होतं. त्या वेळी ते बरोबर होतं. बचत गटात नव्या बायका होत्या, त्यांना ती ‘रक्त काढणाऱ्या काकू’ म्हणून ठाऊक. हे सगळं शैलजाबाईंना दिसत होतं. यातलं काही लिहिता येत नव्हतं आणि झाकताही येत नव्हतं. त्यांनी फक्त सांगितलेल्या जागी बातमी लावली. त्या एकवीस दिवसांत मिळालं तितकं सरळ वर्तमानपत्र सोनशेतला कधी मिळालं नव्हतं.

मुजावर जाताना म्हणाले, “बाई, अख्ख्या विभागात तुमचा कल सगळ्यांत कमी. प्रमाणपत्र येईल.”

“लावून ठेवा कुठंतरी,” बाई म्हणाल्या.

मालन एक हजार नऊशे चार मतांनी पडली.

*

मसुदा पाचवा. निकालाचा दिवस.

(मजकूर पहिल्या मसुद्याप्रमाणे.)

कल : निवडणूक नाही. मोजण्यासारखे काही नाही.

*

मतमोजणी पंचायत समितीच्या सभागृहात होती. थोरबोलेंचे लोक पुढच्या दारानं गुलाल घेऊन गेले, तशी मालन मागच्या दारानं बाहेर आली. हातात कापडी पिशवी, तिच्यात पाण्याची बाटली आणि प्रतिनिधींचे पास. शैलजाबाई तिथंच उभ्या होत्या, घडी घातलेला कागद हातात घेऊन.

“ह्या वेळी पडले ते खरं हाय,” मालन म्हणाली.

“नाही,” शैलजाबाई म्हणाल्या. “यंत्र एकवीस दिवस मोजतं. मधली पाच वर्षं मोजत नाही. तू घरात बसलीस ती कशामुळं? तेव्हा पडलीस म्हणून. आणि तेव्हा पडलीस ती...”

“ते छापता येईल?”

“हे येईल.” त्यांनी कागद पुढं केला. “आता काही आडवं येत नाही. उद्याच.”

मालननं कागद घेतला नाही. “आज एकोणीसशेनं पडलेल्या बाईचं उद्या छापणार, की मागल्या वेळी ती खरं तर निवडून आली होती. लोक वाचतील शैले. तुझं माझं नातं सगळ्यांना ठाऊक हाय. म्हणतील, शेवटी मैत्रिणीनं मैत्रिणीसाठी केलंच की.”

“म्हणू देत.”

“आता म्हणू देत?”

पुढच्या दारापाशी ताशा सुरू झाला.

“दोनशे अकरा माणसांवर मी पाच वर्षं राग धरला,” मालन म्हणाली. “चुकीच्या माणसांवर. त्या वाण्याची माफी मागायला पाहिजे मला. आणि एकोणीसशेवर काय धरायचा? तेवढं म्हणजे गाव झालं.”

“माझ्यावर धरलायस?”

मालननं त्यांच्याकडं पाहिलं. एखाद्याला रिपोर्ट वाचून दाखवावा, इतक्या सरळ आवाजात ती म्हणाली, “दुसरं कोण उरलंय?”

रिक्षा समोर येऊन थांबली. मालन आत बसली, आणि तिनं पिशवी शेजारच्या जागेवर ठेवली.